लस टोचून घेतली आणि पैसेही भरले

एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या मुलीने इंटर्नशिपच्या बनावट ऑफरला फसावे याची लाज वाटत असल्यामुळे दोन महिने मी गप्प होते; परंतु धाकट्या वर्गातल्या दोघींना तसाच मेल आल्याचे कळले, म्हणून लिहिते आहे.

एका नामांकित संशोधन संस्थेच्या नावाने आलेल्या ऑफर लेटरमध्ये आठ आठवड्यांचा प्रकल्प, गाइडचे नाव आणि दरमहा १०,००० रुपये स्टायपेंड, असे सगळे व्यवस्थित लिहिलेले होते. नोंदणीचे १,५००, प्रयोगशाळेची ‘परत मिळणारी’ अनामत ६,५०० आणि वसतिगृहाचे आगाऊ ४,८०० असे १२,८०० रुपये मी अकरा दिवसांत भरले. मुलाखत झालीच नाही. पुढे काय झाले असेल ते वाचणाऱ्यांना ठाऊक आहे.

अनामत भरताना क्यूआर कोड स्कॅन केला, तेव्हा पिन टाकण्याआधी पडद्यावर पैसे घेणाऱ्याचे नाव आले आणि ते चक्क एका कापड दुकानाचे होते. मी ते वाचले, थबकले आणि ‘संस्थेचा ठेकेदार असेल’ अशी स्वतःचीच समजूत घालून पिन टाकला. मला थाप मारण्याचे कष्टही त्यांना पडले नाहीत.

मी अगदीच भोळी नव्हते. त्यांनी हिपॅटायटिस बीच्या लसीचे प्रमाणपत्र मागितले होते आणि मानवी रक्ताचे नमुने हाताळणाऱ्याला ही लस लागते, हे भामट्याला कुठून माहीत असणार, असे मला वाटले. मी पहिला डोस घेऊनही आले. मेलचा पत्ता मात्र ‘डॉट ओआरजी डॉट इन’ असा संपत होता, जो कोणालाही विकत मिळतो. गाइडचा पत्ता संस्थेच्या मूळ संकेतस्थळावरून शोधून त्यांनाच विचारा. मी विचारले ते पैसे गेल्यावर, आणि ‘आम्ही असे पत्र पाठवलेले नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले.

तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप असो की आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) एसटीएस ही अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना, तिथे पैसे विद्यार्थ्याला मिळतात. वसतिगृहाचे भाडे खऱ्या संस्थाही घेतात, पण ते संस्थेच्या खात्यावर.

सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन केला तो तीन दिवसांनी, कारण घरी सांगायचे धाडस नव्हते. तोवर भामट्यांचे खाते रिकामे झाले होते. तुम्ही तासाभरात करा. बँक म्हणाली, ‘पिन तुम्हीच टाकला.’ महाविद्यालय म्हणाले, ‘अर्ज आमच्यामार्फत नव्हता’; हेच महाविद्यालय इंटर्नशिपशिवाय क्रेडिट देत नाही. पोलीस ठाण्यात दीड तास बाकावर बसवून ‘खाते परराज्यातले आहे, आमची हद्द नाही’ असे सांगितले गेले. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, हे मी घरी येऊन वाचले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा कलमाचा कागद पुढे ठेवला, तर साहेबांनी विचारले, ‘एवढे वाचता येते, मग दुकानाचे नाव नाही वाचलेत?’ तक्रार अर्ज मात्र त्या दिवशी घेतला गेला.