पार्तागास सेरी डी नंबर ४ : डबाभर सिगार, आठ महिने

साडू जूनमध्ये दुबईहून आला तो २५ सिगारचा डबा घेऊनच. ड्यूटी न भरता तेवढ्याच आणता येतात, त्यामुळे हिशेब चोख. आतापर्यंत अकरा ओढून झाल्या.

पहिली त्याच रात्री, उपाशीपोटी, सिगारेटसारखे भराभर झुरके मारत. निम्म्यावर घाम फुटला, गॅलरीचा कठडा धरून बसलो. बायकोने गुळाचा खडा हातावर ठेवला आणि एक शब्द बोलली नाही. ते जास्त लागलं. दोष माझाच, १८४५ पासूनच्या या क्युबातल्या हवानाच्या मार्काची ख्यातीच कडक म्हणून आहे. नवशिक्याने इथून सुरुवात करू नये.

पुढच्या दोन पावसाळ्याने खाल्ल्या. ऑनलाइन घेतलेल्या लाकडी पेटीतला काटा ६८ टक्के आर्द्रता दाखवायचा, आणि सिगार मात्र एकाच कडेने जळायची, सारखी विझायची. शेवटी बाटलीच्या झाकणात मीठ घेतलं, थेंबभर पाण्याने ओलसर केलं आणि काट्यासोबत डब्यात रात्रभर बंद करून ठेवलं. ओल्या मिठाजवळची बंद हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते, म्हणून सकाळी ७५ दिसायला हवे होते, दिसले ६३. काटा १२ ने कमी दाखवत होता, म्हणजे सिगार ८० टक्क्यांत भिजत पडल्या होत्या. ठाण्याचा जुलै, दुसरं काय! मग घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत आर्द्रता ६५ टक्क्यांवर धरून ठेवणारी पुडी, आणि मुक्काम एसीच्या खोलीतल्या कपाटात, कारण उकाड्यात तंबाखूतली कीड जागी होते आणि पानांना टाचणीएवढी भोकं पाडते. दोन महिने हात लावला नाही.

दसऱ्याला जेवणानंतर एक काढली, सोबत बिनसाखरेची कॉफी. टोक कापून न पेटवताच ओढून पाहिली तर खजुराची पुसट गोडी. पेटल्यावर आधी काळी मिरी, तीही घशाशी. मिनिटाला एकच झुरका. थोडा धूर नाकातून सोडला तेव्हा मिरीच्या मागून भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा खमंगपणा आला, आणि मध्यावर नव्या कोल्हापुरी चपलांच्या कातड्याचा वास. हीच का ती जूनमधली, असं वाटलं. करडी राख इंचभर न पडता टिकली. लांबी जेमतेम १२४ मिलिमीटर, पण पाऊण तास सहज जातो. शेवटचा तिसरा भाग मला जड होतो, कडवटपणा चढतो. तिथेच ठेवून देतो. आपोआप विझू द्यावी, चिरडली की घरभर दर्प.

धूर छातीत घेत नाही म्हणजे धोका नाही, असं मात्र नाही. तोंडाच्या कॅन्सरला तंबाखू कुठलीही चालते. म्हणून महिन्याला एक, फार तर दोन.

साडू मार्चमध्ये पुन्हा येतोय. या खेपेला त्याला फक्त पुड्या आणायला सांगितल्यात.