जुन्या फोर-बाय-फोर स्कॉर्पिओचा बेल्ट टेन्शनर : नाशिकच्या एका गॅरेजच्या कामाचे परीक्षण

जुन्या फोर-बाय-फोर गाडीचा फॅन बेल्ट (इंजिनाच्या फिरण्यावर एसी, स्टिअरिंगचा पंप वगैरे चालवणारा पट्टा) आवाज करू लागला, की बहुतेक ठिकाणी नवा बेल्ट चढवून गाडी परत दिली जाते आणि त्या बेल्टला ताण देणाऱ्या टेन्शनरकडे कोणी लक्ष देत नाही. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीजवळील एका छोट्या गॅरेजात माझ्या २०१२ सालच्या एमहॉक (महिंद्राच्या डिझेल) इंजिनाच्या स्कॉर्पिओचे हे काम ज्या शिस्तीने झाले, त्याची नोंद अशा गाड्या वापरणाऱ्यांसाठी करावीशी वाटते. स्कॉर्पिओ नाशिकमध्येच तयार होत आल्यामुळे या भागात ती गाडी जाणणारे कारागीर पुष्कळ आहेत. निदानाला पुरेसा वेळ देणारे मात्र थोडे.

तक्रार साधी होती : सकाळी इंजिन सुरू करताना आणि एसी लावल्यावर कर्कश आवाज येत असे आणि पावसाळी हवेत तो वाढत असे. मेकॅनिकने पाना हातात घेण्यापूर्वी चालू इंजिनाच्या बेल्टवर, हात दूर ठेवून, थोडे पाणी फवारले. पाण्याने आवाज काही क्षण थांबून पुन्हा आला, तर पुल्या एका रेषेत नसल्याचा संशय घ्यावा, आणि पाणी पडताच आवाज वाढला, तर ताण कमी असून बेल्ट घसरत आहे असे समजावे. आमच्या बाबतीत आवाज वाढला. मग बेल्ट उतरवून त्याने प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहिली. टेन्शनरच्या पुलीतून कोरडी खरखर ऐकू येत होती, आणि पान्याने दाबून सोडलेला आर्म (टेन्शनरची पुली धरणारा दांडा) सावकाश, एकसारखा न परतता मध्येच अडकून झटक्याने परतत होता.

ही दुसरी खूण मला अधिक महत्त्वाची वाटते. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, प्रत्येक अर्ध्या फेरीला एक स्फोट होतो. म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या संथ गतीतही बेल्टला १६०० हिसके बसतात. ते शोषून घेण्याचे काम टेन्शनरमधील स्प्रिंग आणि तिची उसळी आवरणारा घर्षणाचा बुश (सांध्यातील नळीसारखा भाग) यांनी करायचे असते. ओढ्यातून आणि चिखलातून जाणाऱ्या गाडीत बारीक माती आर्मच्या सांध्यात शिरते, बुश झिजतो, आर्म किंचित कलतो आणि बेल्ट पुलीवर तिरका धावू लागतो. म्हणून केवळ पुलीतील बेअरिंग बदलून भागवण्याचा सल्ला मला पटत नाही. अशा पुल्यांत पुष्कळदा ६२०३ मापाचे, म्हणजे १७ मिमी आतील आणि ४० मिमी बाहेरील व्यासाचे बेअरिंग असते. ते कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात स्वस्तात मिळते आणि खरखर थांबवतेही, पण थकलेली स्प्रिंग आणि झिजलेला बुश तसेच राहतात. येथे दोन्ही पर्याय समजावून सांगण्यात आले, संपूर्ण टेन्शनर बदलण्याचा आग्रह सकारण धरण्यात आला आणि काढलेला भाग माझ्या हाती देण्यात आला.

बेल्टही नवाच घेतला. हल्लीचे बेल्ट ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असतात. त्यांना जुन्या निओप्रीन बेल्टप्रमाणे लवकर भेगा पडत नाहीत, तर टायरप्रमाणे त्यांच्या खाचा हळूहळू झिजून रुंद होतात. त्यामुळे वरवर नितळ दिसणारा बेल्टही निकामी झालेला असू शकतो. जोडणीपूर्वी सर्व पुल्यांच्या खाचा कोरड्या ब्रशने साफ केल्या गेल्या, टेन्शनरची खुंटी तिच्या भोकात नीट बसल्याची खात्री झाली, बोल्ट आधी हाताने आट्यांत बसवून मगच टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळता येणाऱ्या पान्याने, आवळला गेला. नंतर इंजिन पान्याने हळूच फिरवून बेल्टची प्रत्येक खाच जागेवर असल्याचे पाहिले. आवाज दाबण्यासाठी बेल्टवर तेल किंवा स्प्रे मारण्याची सवय अनेकांना असते. येथे त्याला स्पष्ट नकार मिळाला, आणि तो योग्यच होता, कारण तेलाने रबर फुगते. शेवटी एसी, हेडलाइट आणि पूर्ण वळवलेले स्टिअरिंग असा सगळा भार एकाच वेळी देऊन चाचणी झाली. त्यानंतर कसारा घाटातील चढावरही बेल्टचा आवाज आला नाही.

उणिवा दोन आहेत. आधी वेळ ठरवल्याशिवाय गाडी घेतली जात नाही आणि कामाला अर्धा दिवस मोडतो. निदानाची ही रीत पाहता ते मला मान्य आहे. बिलावर मात्र टेन्शनर आणि बेल्ट यांचे पार्ट नंबर किंवा काम झाले तेव्हाचे किलोमीटर लिहिले नव्हते. पुढच्या तपासणीला आणि वॉरंटीच्या दाव्याला हीच नोंद लागते, त्यामुळे येथे जाणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी ती बिलावर लिहून मागावी आणि खोक्यावरच्या लेबलाचा फोटोही काढून ठेवावा.