स्लो कुकरमधलं मटण स्ट्यू: आठ महिने वापरून झाल्यावर

आठ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर "घेऊ नका, पैसे पाण्यात" एवढंच लिहिलं असतं, आणि पाण्यात म्हणजे खरंच पाण्यात, कारण माझं पहिलं मटण त्या भांड्यात पोहत होतं.

आधी सांगते, हा स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, मी विकत घेतलेला नाही. जाऊबाई इंग्लंडात असतात, गेल्या मे महिन्यात बेळगावला आल्या तेव्हा बॅगेतनं घेऊन आल्या. साडेतीन लिटरचा, आत चिनीमातीचं जड भांडं, वर काचेचं झाकण, पुढं एकच गोल बटण, लो हाय आणि वॉर्म. तिकडचा प्लग चौकोनी दांड्यांचा, तो आमच्या ह्यांनी उद्यमबागेतनं येताना साधा थ्री-पिन आणून बदलून दिला. व्होल्टेज तिकडंही 230च, त्यामुळं प्रश्न आला नाही. पण अमेरिकेतनं कुणी आणतो म्हणालं तर नको म्हणा, तिकडं 120 असतं, आपल्या बोर्डाला लावला की गेला.

जाऊबाईंची मूळ रेसिपी बीफ स्ट्यूची. गुरांच्या खांद्याचं नाहीतर पायाचं चिवट मांस, गाजर, बटाटा, कांदा, तेजपत्ता, मिरी, आणि लोवर आठ तास. आमच्या घरात बीफ होत नाही आणि कर्नाटकात 2021 पासून गाय-बैलांच्या कत्तलीवर बंदीच आहे, तर मी बकऱ्याच्या मटणावर आले. त्यानं काही बिघडत नाही कारण गोष्ट प्राण्याची नाही, तुकड्याची आहे. जे मांस जनावर चालताना राबतं, म्हणजे फरा, पाय, मान, त्यात चिवट पांढरे पडदे असतात, ते मंद आचेवर तासन्‌तास राहिले की विरघळून रश्शात उतरतात आणि रस्सा बोटाला चिकटायला लागतो. उलट पालव्याचं कोवळं मटण घातलंत तर आठ तासांनी नुसता चोथा. हे मला कळायला दोन रविवार आणि दोन किलो मटण लागलं. आता मटणवाल्याला सांगते, फरा दे आणि नळ्या दे, कोवळं देऊ नको, तर तो माझ्याकडं असा बघतो की बाईचं काहीतरी बिनसलंय.

पहिल्या दिवशीचं सांगते. किलोभर मटण, आणि आपल्या हाताला सवय असते तसं दीड तांब्या पाणी. संध्याकाळी झाकण काढलं तर पाणी होतं त्याहून जास्त! कारण ह्यात वाफ बाहेर जातच नाही, झाकणाला लागून परत आत पडते, वर मटणाचं आणि कांद्याचं पाणी सुटतं ते वेगळंच. वर मी संकेश्वरी मिरच्या नेहमीच्या मापानं घातलेल्या. संकेश्वर आपल्याच जिल्ह्यातलं, ती मिरची काय चीज आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको, पण आठ तास रश्शात बसल्यावर ती कशी होते ते मलाही माहीत नव्हतं. ह्यांच्या कानातनं धूर निघायचा बाकी होता. मुलगा ताकाचं भांडंच घेऊन बसला.

आता माझं माप असं आहे. किलोला एक वाटी पाणी, तेही गरम, बास. भीती वाटते, मटण उघडं पडलेलं दिसतं, तरी वाढवायचं नाही. रंगाला ब्याडगी चार-पाच आणि तिखटाला संकेश्वरी एक, फार तर दीड. लवंग-दालचिनी नेहमीच्या निम्मी कारण ती तासागणिक पुढं पुढं येते आणि शेवटी कडवट लागते. उलट वाटलेला गरम मसाला सुरुवातीला घातला तर वास सगळा उडून जातो, तो शेवटच्या अर्ध्या तासात घालायचा. खोबऱ्याचं दूध, दही असलं काही घालणार असाल तर तेही शेवटीच, नाहीतर फाटतं.

आणि परतायचं काम ह्याच्याकडनं होत नाही, हे पक्कं डोक्यात ठेवा. कांदा-खोबरं भाजणं, मसाला तेल सुटेपर्यंत परतणं, मटणाला कढईत मोठ्या आचेवर सगळीकडनं तांबूस डाग पाडणं, हे सगळं गॅसवरच. जाहिरातीत दाखवतात तसं सगळं कच्चं टाकून ऑफिसला गेलात तर संध्याकाळी उकडलेल्या कांद्याचा वास येणारं करड्या रंगाचं काहीतरी मिळेल. मला सकाळी शाळेला आठला निघायचं असतं, म्हणून सव्वासहाला कढई ठेवते, सातच्या आत भांडं भरून बटण लोवर. बटाटा खाली, मटण वर, कारण ह्यात बटाटा-गाजर मटणापेक्षा उशिरा शिजतं, हे कुणाला सांगितलं तर पटत नाही. नवरात्राच्या सुमारास बाजारात आपल्याकडच्या रताळ्यांचे ढीग लागले तेव्हा बटाट्याऐवजी रताळी घालून बघितली. मोठ्या फोडी कराव्या लागतात, गोडूस रस्सा होतो, मिरी थोडी जास्त. मुलांना हे पावाबरोबर आवडलं, ह्यांना नाही. ह्यांना भाकरी आणि तांबडं काहीतरी लागतं, त्यांच्यासाठी शेवटी भाजलेल्या खोबऱ्याचं आणि तिळाचं वाटण घालते, त्यानं दाटपणाही येतो. तिकडं मैदा नाहीतर कॉर्नफ्लोर लावतात.

सासूबाईंचं वेगळंच प्रकरण. त्या खानापूर तालुक्यातल्या, जन्म चुलीपुढं गेलेला. पहिल्या दिवशी खुर्ची ओढून कट्ट्यापाशी बसल्या. "शिट्टी नाही, वाफ नाही, ह्यात शिजालंय काय नुसतं उबालंय?" आणि दर अर्ध्या तासानं झाकण उचलून बघणार. मी शाळेत, मला पत्ता नाही. साडेतीनला येऊन बघते तर मटण अजून दाताला लागतंय. हे झाकण एकदा उचललं की आतली ऊब जाते आणि शिजायची वेळ वीस-तीस मिनिटं पुढं जाते, त्यांनी दहा वेळा तरी उचललं असेल, हिशोब तुम्हीच करा. मग मी त्यांना काच दाखवली, म्हटलं ह्यातनं बघा की, तर म्हणाल्या, "काचंतनं वास येतोय व्हय?"

त्यांचं मत बदललं ते नळीनं. ऑगस्टमधला एक रविवार, बाहेर सरीवर सर, नळ्या आणि फरा नऊ तास ठेवलेला. सासूबाईंनी ताटातली नळी उचलली, सवयीनं ताटावर आपटायला गेल्या, तर आपटायच्या आधीच आतला गर थपकन भातावर पडला. हाड नुसतं पोकळ, फुंकर घातली तर शीळ वाजेल असं. त्या दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे आमच्या वैलासारखं." त्यांच्या माहेरी रात्री चुलीवरचा स्वयंपाक झाला की मोठ्या चुलीची धग घेणाऱ्या वैलावर मडकं सरकवून ठेवायचे, हुलगं असो की जत्रेतलं उरलेलं मटण, सकाळपर्यंत आपोआप व्हायचं. मी मग त्यांना सांगितलं की ज्या माणसानं हे यंत्र शोधलं, शिकागोचा आयर्विंग नॅक्सन, 1940 मध्ये त्यानं पेटंट घेतलं, त्याच्या आईनं त्याला लिथुआनियातल्या गावची गोष्ट सांगितलेली, शनिवारी चूल पेटवायची नाही म्हणून ज्यू लोक शुक्रवारी संध्याकाळी मांस-कडधान्याचं भांडं बेकरीच्या भट्टीत ठेवून यायचे. पुढं 1971 ला तेच क्रॉक-पॉट नावानं बाजारात आलं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे त्यांचाबी वैलच की." त्यानंतर झाकण उचलणं बंद.

आता तोट्याच्या गोष्टी, ह्या नीट वाचा.

लाईट. पावसाळ्यात आपल्याकडं काय असतं माहीतच आहे. माझा कुकर गोल बटणाचा, लाईट गेली की बंद, आली की आपोआप चालू, आणि मधे किती वेळ बंद होता ह्याचा काही पुरावा नाही. कोमट मटण तीन तास पडून राहिलं तर त्यात जंतू वाढतात, नंतर गरम होऊन ते वरनं चांगलंच दिसतं. जुलैत एकदा शाळेतनं आले तर मायक्रोवेव्हचं घड्याळ शून्यावर लुकलुकत होतं, शेजारणीला विचारलं तर म्हणाली नऊपासनं बारापर्यंत नव्हती. सगळं ओतून दिलं. जीव जळला, मटणाचे दर बघता. आता सासूबाईंना सांगून ठेवलंय, लाईट गेली आणि अर्ध्या तासात आली नाही तर सरळ प्रेशर कुकरात काढायचं. घरी दिवसभर कुणीच नसेल तर पावसाळ्यात ह्याच्या नादाला लागू नका. डिजिटलवाले बरेचसे लाईट गेल्यावर बंदच राहतात म्हणतात, ते एका अर्थी बरं, निदान कळतं तरी.

बिलाचं मात्र घाबरू नका. मागं 210 वॅट लिहिलंय, आठ तास पूर्ण ताकदीनं चालला तरी 1.7 युनिटच्या आत. मी आठवड्यातनं दोनदा लावते, महिन्याला चौदा-पंधरा युनिट. गृहज्योतीमुळं, म्हणजे कर्नाटक सरकारच्या ठरावीक युनिटांपर्यंत फुकट विजेच्या योजनेमुळं, आमच्या घरात प्रत्येक युनिटावर ह्यांची नजर असते, त्यांनी मीटरसमोर उभं राहून बघितलंय, गीझरच्या मानानं काहीच नाही.

राजमा. हा कच्चा भिजवून थेट ह्यात टाकायचा नाही, कधीच नाही. लाल राजम्यात विषारी द्रव्य असतं, ते खळखळ उकळल्याशिवाय मरत नाही आणि लोवर तेवढी उकळी येतच नाही, उलट्या-जुलाब ठरलेले. भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं, गॅसवर दहा मिनिटं तरी दणकून उकळायचा, मग इकडं. मी तर सरळ शिट्ट्याच काढते. फ्रीजरमधलं दगड झालेलं मटणसुद्धा तसंच टाकायचं नाही, आदल्या रात्री खाली काढून ठेवायचं.

आणि माझी स्वतःची चूक. डिसेंबरात शहाणपणा केला, सकाळची घाई नको म्हणून सगळं भरून भांडंच रात्री फ्रीजमध्ये ठेवलं आणि पहाटे गारेगार तसंच काढून हायवर लावलं. मी चहा गाळत होते, टक् असा आवाज आला, बांगडी फुटल्यासारखा. काठापासनं खाली केसासारखी रेघ. त्या दिवशी गळलं नाही, पण ते भांडं मी परत विस्तवाला, म्हणजे विजेला, लावलं नाही. इथं त्या मापाचं सुटं भांडं मिळेना, तीन दुकानं फिरले, एकानं तर लोणच्याची बरणी दाखवली. शेवटी जाऊबाईंनी तिकडनं कुणाबरोबर तरी पाठवलं, दीड महिन्यानं. फुटक्यात आता तुळस लावायची म्हणून सासूबाईंनी ठेवून घेतलंय.

घ्यावा का म्हणाल तर, घरात दोनच माणसं आणि आठवड्याला अर्धा किलो मटण असेल तर हा साईज नको, भांडं निम्म्याच्या वर भरलेलं नसेल तर कडेला करपतं. घाई असणाऱ्यानंही नको. पाहुणे दारात आल्यावर आमच्याकडंही प्रेशर कुकरच चढतो, त्याला काही पर्याय नाही. पण फऱ्याचं, नळ्यांचं, पायाचं कुकरमधलं आणि ह्यातलं शेजारी शेजारी ठेवून खाऊन बघा. कुकरात हाडाचं मटण सुटतं खरं पण धागेधागे होतात, ह्यात चमच्यानं तुटतं आणि तरी ओलं राहतं.

आज रात्री पाया लावायचा आहे, दहा तास. खूर सासूबाईंनीच भाजून, घासून ठेवलेत, आणि पाणी किती घालणार म्हणून सकाळपासनं मलाच विचारालेत.