२० किलोचा पीव्हीसी डंबेल सेट: आठवडाभराच्या स्प्लिटला (दिवसागणिक व्यायामाच्या विभागणीला) पुरतो का?

या सेटमध्ये सहसा २ किलोच्या चार, ३ किलोच्या चार प्लेट्स आणि दोन रॉड येतात. म्हणजे प्रत्येक डंबेलवर रॉड सोडून ४, ६ किंवा थेट १० किलो. खरी अडचण इथेच आहे. पुश म्हणजे ढकलण्याच्या व्यायामांत, शोल्डर प्रेसला (खांद्यापासून डोक्यावर वजन ढकलताना) ६ किलो हलकं पडू लागलं की १० झेपत नाही. मग लोक कंबर मागे वाकवून वजन ढकलतात. १ किलोच्या चार प्लेट्स वेगळ्या घ्याच. मधली ८ ची पायरी मिळते आणि कमाल वजन १२ होतं.

पुल म्हणजे ओढण्याच्या व्यायामांत एका हाताचं रोइंग (वाकून वजन कंबरेकडे ओढणं) उत्तम होतं, पण वरून खाली ओढण्याचा व्यायाम यात नाही. दारात पुल-अप बार हवाच. पायांना मात्र हे वजन कमीच. साध्या स्क्वॉटऐवजी मागचा पाय खुर्चीवर ठेवून बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट करा, खाली जायला तीन सेकंद घ्या. १० रेप्समध्ये (आवर्तनांत) मांड्या पेटतात.

सोमवार-गुरुवार वरचं शरीर, मंगळवार-शुक्रवार पाय, ही विभागणी या सेटला सर्वांत शोभते. छातीचे आठवड्याचे दहा सेट (सलग रेप्सच्या फेऱ्या) असतील तर पाच-पाच वाटा. एकाच दिवशी कोंबले तर शेवटचे तीन-चार नुसते उरकले जातात.

प्लेट्समध्ये पीव्हीसीच्या (प्लास्टिकच्या) आवरणात सहसा सिमेंट असतं, आपटल्या तर तडकतात. रॉडचे नट व्यायामाच्या प्रत्येक फेरीआधी आवळा. नवशिक्यांना बिनधास्त घ्या म्हणेन. दोन्ही हातांत १२ किलो घेऊन १५ रेप्स सहज मारणाऱ्यांनी लोखंडी प्लेट्सच पाहाव्यात.