टोकियोतली ‘हरवलं-सापडलं’ सेवा: एका मुद्देमाल कारकुनाचा अभिप्राय

तारे साडेचार. अर्धा कुठे कापला ते पुढे येईल.

माझी ३१ वर्षं कोर्टाच्या मुद्देमाल खोलीत गेली. लाख, सुतळी, लेबलं, रजिस्टर. दुसऱ्याच्या वस्तू मोजून घ्यायच्या नि मोजून द्यायच्या, एवढंच काम. म्हणून टोकियो पोलिसांच्या या खात्याबद्दल चार ओळी लिहायचा मला अधिकार आहे असं मी धरून चालतो. शिवाय वस्तू हरवणारा इसमही मीच.

जुलै महिना, उएनो बागेतलं शिनोबाझु तळं. कमळाची पानं एवढी माजलेली की पाणी दिसेना. मी एकटाच. बाकावर टेकलो, गोळी घेतली, चष्मा बदलला आणि तळ्याला फेरी मारायला निघालो. मध्ये बेटावर बेंतेन देवीचं देऊळ आहे (ही मुळातली सरस्वती). तिथे पेटीत टाकायला नाणं काढावं म्हणून खांद्याशी हात नेला, तर पाउच नाही. त्यात १४ हजार आणि वर काही येन, रेल्वेचं सुइका कार्ड, चार्जर, जवळचा चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या. पासपोर्ट तेवढा शर्टाच्या खिशात होता, कारण पाहुण्या परदेशी माणसानं तो सतत जवळ बाळगावा असा तिथला कायदाच आहे. फोनची बॅटरी ४ टक्के.

धापा टाकत परत आलो तर बाक रिकामा. शेजारच्या बाकावर सत्तरीच्या एक बाई जलरंगात कमळं काढत बसल्या होत्या. मी खांद्यावरून पट्टा, हाताने चौकोन, असं काहीबाही करून दाखवलं. त्या म्हणाल्या, “ओतोशिमोनो?” हा शब्द पुढे आठवडाभर माझ्या कानात होता. ओतोशिमोनो म्हणजे पडलेली वस्तू. वासुरेमोनो म्हणजे विसरून राहिलेली. माझी खरं तर दुसऱ्या प्रकारातली, पण त्या सभ्य होत्या.

मला वाटलं होतं, बाई हातानं दिशा दाखवतील. त्यांनी ब्रश पुसला, रंगाची पेटी मिटली, घडीचं स्टूल काखेत मारलं आणि पुढे चालू लागल्या. गुडघा दुखत असावा, पायरीला थांबत होत्या. मीच त्यांना धरू की काय अशा विचारात होतो.

कोबान म्हणजे पोलिसांची छोटी चौकी. दारावर तांबडा दिवा, आत टेबल, भिंतीवर परिसराचा भला मोठा नकाशा. ही पद्धत टोकियोत १८७४ पासून आहे. चोरी-मारामारीपेक्षा पत्ता विचारणारी आणि काहीतरी हरवून बसलेली माणसंच इथे जास्त येत असावीत, असं मला तासाभरात वाटायला लागलं. तरुण शिपाई होता. त्यानं फॉर्म काढला: कुठे, कधी, काय, कसं दिसतं. इथे गाडी अडली. माझा फोन मेलेला, त्याच्या यंत्राचं भाषांतर ‘पिशवी’च्या पुढे जाईना. रंग विचारला तर मी ‘विटकरी’ म्हणालो! घाईत दुसरं काय सुचणार.

बाईंनी टेबलावरच पेटी उघडली. वहीतलं कोरं पान फाडलं. पेन्सिलीनं चौकोन काढला, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. कोपरे गोल केले. मी होकार दिला. चेन वर की बाजूला? बाजूला. पट्टा? बारीक. मग एकेका रंगाच्या वडीवर ब्रशचं टोक ठेवून माझ्या तोंडाकडे बघायच्या. तिसऱ्या वडीला मी अर्धी मान हलवली, तेव्हा तिच्यात किंचित तपकिरी मिसळला. पूर्ण विटकरी. चेनच्या टोकाला दोऱ्याचा गोंडा होता, तोही माझ्या चिमटीवरून ओळखून काढला. शिपायानं कागद वाळेपर्यंत हातात धरला आणि फॉर्मला पिन मारून जोडला. ३१ वर्षांत मी इतकं चांगलं वस्तूवर्णन पाहिलेलं नाही. आमच्याकडे ‘एक पाउच, जुना’ एवढ्यावर भागायचं.

मी कागदपत्रात गुंतलो तोवर बाई निघून गेल्या होत्या. नाव विचारायचं राहिलं.

हॉटेल शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कामाता भागात. खिशात येन नाही. हे शिपायाला कळलं तेव्हा त्यानं ड्रॉवरमधून ५०० येनचं नाणं काढलं आणि आणखी एक फॉर्म. प्रवासखर्चापुरते, सहसा एक हजार येनपर्यंत, पैसे कोबानमध्ये उसने मिळतात. सही करा, घ्या, नंतर आणून द्या. परकीय पोलिसाकडून उसने घेतले हे घरी सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना.

हॉटेलच्या काउंटरवर मात्र मला “नवीन घ्या” असा सल्ला मिळाला. त्या हॉटेलचं नाव घेत नाही.

पाचव्या दिवशी फोन आला. पाउच इइदाबाशीच्या मुख्य केंद्रात पोचला होता. शहरभरच्या कोबान आणि ठाण्यांतला, रेल्वेतला माल शेवटी इथे येतो. २०१८ या एका वर्षात टोकियो पोलिसांकडे ४१ लाखांहून अधिक वस्तू जमा झाल्या, त्यात तीन लाखांच्या वर तर छत्र्या. छत्री न्यायला जेमतेम शंभरात एखादा येतो म्हणे. मला त्या लेबल लावणाऱ्याचीच दया आली. माल तीन महिने ठेवतात. पूर्वी सहा महिने ठेवत, २००७ मध्ये नवा कायदा लागू झाला तेव्हापासून मुदत निम्मी झाली.

काउंटरवरच्या बाईंनी पिशवी आणली, पण उघडली नाही. आधी मला विचारलं, आत काय काय? पासपोर्ट बघितला, मग उघडली. पसंत! नोटा दोनदा मोजल्या, दुसऱ्यांदा माझ्याकडे तोंड करून. नाणी मूल्याप्रमाणे ओळीनं मांडली. एक येनची ॲल्युमिनियमची सात निघाली, ती माझ्याकडे आहेत हे मलाच ठाऊक नव्हतं. एकूण १४,२३७. चष्मा, गोळ्या, चार्जर, सगळं होतं तसं. पाउच एका दुकानी कागदी पिशवीत घडी घालून, वर टेप लावून दिलेला होता. वस्तू जमा केल्याच्या चिठ्ठीवरची तारीख हरवल्याच्या दुसऱ्या दिवशीची, सकाळी आठ दहाची. म्हणजे रात्रभर तो कुणाच्या तरी घरी राहिला होता. त्या रात्री धो धो पाऊस होता, पिशवीला पाण्याचा टिपूस नाही.

सापडून देणाऱ्याला किमतीच्या ५ ते २० टक्के मोबदला मागायचा हक्क आहे. मी हिशेब केला: किमान ७१२, कमाल २,८४७. दोन हजार पाकिटात घालून नेले होते. बाईंनी चिठ्ठीवरच्या एका रकान्यावर बोट ठेवलं. त्या माणसानं मोबदलाही नको आणि नावही कळवू नका, असं लिहून दिलं होतं. मी तीन प्रकारे विचारून पाहिलं. उत्तर एकच. अर्धा तारा कापलाय तो या माणसाच्या खात्यावर, सेवेच्या नाही. पाकीट मी कुणाला द्यायचं?

जाणाऱ्यांसाठी: जागा आणि वेळ लक्षात ठेवा. रेल्वेत राहिलं असेल तर आधी स्थानकावर विचारा, वस्तू पोलिसांकडे नंतर जाते. आणि रंगाचं नाव जपानीत पाठ करून ठेवा, प्रत्येक वेळी चित्रकार भेटेलच असं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी ५०० येन परत करायला उएनोच्याच कोबानमध्ये गेलो. शिपाई दुसरा होता. त्यानं नोंद शोधली, नाणं घेतलं, माझी सही घेतली. फोन आता जिवंत होता, त्यावर लिहून विचारलं: माझ्या फॉर्मला एक चित्र जोडलंय, वस्तू मिळाली, प्रकरण संपलं, ते चित्र मला मिळेल का? त्यानं फाइल काढली. पान उलटलं. विटकरी पाउच, बाजूला चेन, टोकाला गोंडा. दोघंही थोडा वेळ बघत उभे राहिलो. मग त्यानं मान खाली घालून दिलगिरी व्यक्त केली आणि फाइल मिटली.

बरोबरच आहे. कागद फाइलला लागला की तो फाइलचा. हे मी स्वतः किती जणांना सांगितलंय.