पाव गाडी की अख्खी गाडी?

कॉलेजच्या बग्गीचं सस्पेन्शन करायला घेतलं की पहिला वाद ठरलेला. क्वार्टर-कारचं, म्हणजे आमच्या बोलीत ‘पाव गाडी’चं (एकच चाक आणि त्यावरचा गाडीचा हिस्सा), मॉडेल ऑक्टेव्ह या गणिती सॉफ्टवेअरमध्ये स्वतः लिहायचं, की मल्टिबॉडी पॅकेजमध्ये, म्हणजे सगळे भाग जोडून हलवून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, अख्खी गाडी उभी करायची? मी दोन्ही करून बसलोय, त्यामुळे माझं मत एका बाजूला कललेलं असणार, सांभाळून घ्या.

अख्खी गाडी बघायला झकास. हार्डपॉइंटचे, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांच्या जागांचे, कोऑर्डिनेट्स भरले की चारही चाकं स्क्रीनवर नाचायला लागतात. वळणावर बॉडी किती कलते, चाक वर गेलं की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) किती बदलतो, सगळं दिसतं. पाव गाडीला वरचं वजन (बॉडी), खालचं वजन (चाक), दोन स्प्रिंगा (एक सस्पेन्शनची, दुसरी म्हणजे टायर) आणि हेलकावे शमवणारा एक डॅम्पर एवढंच ठाऊक. वळण म्हणजे काय हे तिच्या गावीही नसतं.

तरी मी तिच्याकडे वळलो, ते एका टायरच्या फाइलमुळे.

पॅकेज प्रत्येक बुशचा (सांध्यातल्या रबराचा) सहा दिशांचा कडकपणा मागतं, डॅम्परचा पूर्ण आलेख मागतं, टायरसाठी पासेकांच्या मॅजिक फॉर्म्युल्याचे (टायर किती बळ देतो ते सांगणाऱ्या सूत्राचे) गुणांक मागतं. ते गुणांक टायर यंत्रावर फिरवून, मोजून काढावे लागतात. इंदूरच्या सांवेर रोडला ज्याच्याकडून टायर घेतले, त्याला हे विचारायची माझी काही हिंमत झाली नाही. बरं, रकाना तसाच सोडला तर पॅकेज अडून बसेल, तर तेही नाही. आधीपासून भरलेला आकडा घेऊन ते मुकाट पुढे जातं. आमच्या बग्गीखाली कुणाच्या तरी सेडानचा टायर होता, उभा कडकपणा २०० न्यूटन प्रति मिलिमीटर! त्या टायरची थरथर मारायला आम्ही दोन आठवडे डॅम्पर आवळत होतो.

वर्कशॉपबाहेरच्या स्पीडब्रेकरवरून बग्गी पहिल्यांदा गेली तेव्हा वेल्डिंगवाला मिस्त्री म्हणाला, “भिया, ये तो उछल री हे.” खरंच उडत होती. टायर मऊ, डॅम्पर आवळलेला. शॉकअप जवळपास जाम आणि गाडी टायरांवरच चेंडूसारखी. मग डॅम्परचा नॉब पूर्ण सैल केला, फोन जाड टेपनं खालच्या आर्मला (चाक धरणाऱ्या दांड्याला) चाकाजवळ बांधला, फोनच्या सेन्सरनं थरथर मोजणारं फिफॉक्स अॅप चालू केलं आणि परत नेली. चाकाची थरथर साडेनऊ-दहा हर्ट्झ. पॅकेजमधलं मॉडेल म्हणत होतं साडेअठरा.

त्या रात्री पाव गाडी लिहिली. जेमतेम चाळीस ओळी, त्यात चार समीकरणं आणि ती सोडवायला ऑक्टेव्हमधलं ओडीई४५. आकडे मात्र सगळे हातानं काढलेले. शॉकअप उभा धरून वर फळी, फळीवर सिमेंटची ५० किलोची गोणी. ३३ मिलिमीटर दबला, म्हणजे स्प्रिंग साधारण १५ न्यूटन प्रति मिलिमीटरची. मोशन रेशो (चाक एक मिलिमीटर हललं की शॉकअप किती दबतो) ०.६, त्याचा वर्ग ०.३६, म्हणून चाकापाशी उरतात ५.४. (हा वर्ग विसरणारे दर वर्षी भेटतात. एके वर्षी मीच होतो.) ड्रायव्हरसकट बॉडीचं एका चाकावर येणारं वजन ६० किलो, म्हणजे बॉडी दीड हर्ट्झला डुलणार. चाक, हब आणि अर्धे आर्म मिळून १५ किलो. टायरमध्ये १० पीएसआय हवा भरून, वजन टाकून तो किती बसतो ते पट्टीनं मोजलं: कडकपणा ५० न्यूटन प्रति मिलिमीटरच्या आसपास. चाकाची वारंवारता आली ९.७.

भूमितीसाठी अख्खी गाडीच हवी, तिथे मी वाद घालणार नाही. बंप-स्टीअर (चाक वरखाली होताना आपोआप वळणं), कॅम्बर, टाय-रॉडची (चाक वळवणाऱ्या दांड्याची) जागा यांना फक्त कोऑर्डिनेट्स लागतात आणि ते आपलेच असतात. तेवढ्यापुरतं पॅकेज उघडावं, बुशांच्या भानगडीत न पडता सांधे कडक धरावेत. टायरची खरी चाचणी हातात असेल तर वळणंही खुशाल तपासा; ती नशिबवान टीम मी अजून पाहिलेली नाही, तुमची असू शकते.

बाकी नॅट्रॅक्स, म्हणजे गाड्या तपासायचं केंद्र, आपल्या उशाशी, पीथमपूरला. ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे तिथे, पण बग्गीला त्याचा काय उपयोग? तिचा घात होतो तो काळ्या मातीतल्या खड्ड्यात, आणि खड्डा पाव गाडीला नीट कळतो. बंप-स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की अडवणारं रबर) हवा असेल तर दोन ओळी वाढवा. रिबाउंडला, म्हणजे शॉकअप परत उघडताना, डॅम्पिंग जास्त हवं असेल तर आणखी एक.

पंधरा दिवस हातात असतील तर मी पहिले चार दिवस पाव गाडीला देईन. आम्ही नंतर पॅकेजमधला टायरचा आकडा २०० चा ५० केला, आणि त्याचीही थरथर साडेनऊच्या पुढेमागे आली. बदल करायला अर्धं मिनिट लागलं. तो रकाना कुठल्या मेनूत आहे हे शोधण्यात मात्र एक अख्खी दुपार गेली होती.