आउटबॉक्समधली तिरकी अक्षरं: आउटलुक २०१०, आठ महिन्यांनंतर

आठ महिन्यांपूर्वी ऑफिसचं ब्रॉडबँड बदललं आणि दुसऱ्या दिवसापासून आउटलुक २०१० या मायक्रोसॉफ्टच्या मेल प्रोग्रॅममध्ये मेल येत होत्या, पण जाईनात. ‘सेंड/रिसीव्ह’ दाबलं की पट्टी अर्ध्यावर अडकायची आणि सर्व्हरशी जोडणी होत नाही, असा एरर. तीन कोटेशनं आउटबॉक्समध्ये पडून. मेल होस्टिंगवाल्यांना चार फोन केले, चारही वेळा उत्तर एकच: “सर, व्हर्जन जुनं झालंय, नवीन घ्या.” लायसन्सचे पैसे एकदा रोख मोजलेत, आता दरवर्षी भाडं कशासाठी भरायचं?

आणि घोळ व्हर्जनचा नव्हताच. आमचं खातं पोर्ट २५ वर होतं, म्हणजे मेल बाहेर पाठवायच्या जुन्या क्रमांकाच्या वाटेवर. स्पॅम रोखायला बऱ्याच इंटरनेट कंपन्या ग्राहकाकडून बाहेर जाणारं हे पोर्ट बंद ठेवतात. येणाऱ्या मेलचा रस्ता वेगळा, म्हणून ती बाजू सुरळीत. ‘अकाउंट सेटिंग्ज’, ‘चेंज’, ‘मोअर सेटिंग्ज’ करत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये गेलो, आउटगोइंगला ५८७ टाकलं, खाली टीएलएस (जोडणी सुरक्षित करायची पद्धत) निवडलं. तरी ५५० चा एरर, म्हणजे सर्व्हरने मेल नाकारली! शेजारच्या ‘आउटगोइंग सर्व्हर’मध्ये ऑथेंटिकेशनची, म्हणजे ओळख पटवायची, टिक राहिली होती. ती केली आणि टेस्ट मेल गेली.

पण ती तीन कोटेशनं जागची हलली नाहीत. खरा ताप इथे आहे. आउटबॉक्समध्ये पाठवायच्या रांगेतली मेल तिरक्या अक्षरांत दिसते. ‘बरोबर लिहिलंय ना’ म्हणून नुसती उघडून बंद केली, की अक्षरं सरळ होतात आणि मेल रांगेतून बाहेर. एरर नाही, सूचना नाही. ती पुन्हा उघडून ‘सेंड’च दाबावं लागतं. काळजीपोटी रोज उघडून बघणारा मीच ती अडवत होतो. माणूस मेल तपासणारच, हे बनवणाऱ्यांना सुचायला हवं होतं. या एका गोष्टीसाठी मी दोन तारे कापतोय.

बाकी, मजकूर शोधणं, फोल्डर, नियम लावणं, सगळं आजही झकास चालतं. मात्र ‘हेच कायम वापरणार’ हा माझा हट्ट मी मागे घेतलाय. आउटलुक २०१० चा सपोर्ट १३ ऑक्टोबर २०२० लाच संपला, सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. त्यामुळे बँकेच्या आणि जीएसटीच्या मेल आता ब्राउझरमध्ये, कोटेशनं इथे.

मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवली आहे: ‘आउटबॉक्समधली मेल उघडू नये. उघडलीच तर सेंड दाबूनच बंद करावी.’